कोपऱ्यातले ढेकूळ

मित्रांनो, मी एक जुने ढेकूळ आहे. लगेच नाक मुरडू नका. माझा जन्म एका मातीच्या घरात, चुलीजवळच्या कोपऱ्यात झाला.

त्या घरातली आई जमीन चिखलाने सारवायची आणि धाकटी लेक ती झाडायची. लेक भलती कामचुकार. मधली जमीन लख्ख, कोपऱ्याकडे मात्र कानाडोळा. मग चुलीतली राख, माशांचे खवले, धान्याचा भुसा सगळे माझ्या वाट्याला यायचे. त्यावर पाय पडायचे, पुन्हा सारवण व्हायचे आणि थरावर थर चढून माझे अंग भरत जायचे. आई रोज रागवायची, लेक रोज “उद्या झाडते” म्हणायची.

एके दिवशी नदी घरात शिरली. आईने लेकीचा हात धरला आणि सगळे पळाले. माझ्यावर बोटभर गाळ साचला.

हजारो वर्षांनी जुनी वस्ती शोधणारी माणसे तिथे खणू लागली. त्यांच्या प्रमुख सरांनी गाळ पाहिला. पुरात घर ओस पडले, कुणी परतले नाही, असे त्यांचे मत पडले आणि खोली बुजवायचे ठरले. मला खरे काय ते ठाऊक होते, पण तोंड कुठे होते? माझा जीव कासावीस झाला.

तेवढ्यात माती तपासणाऱ्या बाई आल्या. झाडलेल्या जमिनीवर काही उरत नाही, हे ओळखून त्या थेट कोपऱ्यात बसल्या. त्यांनी मला अलगद कापून घेतले, डिंकासारख्या द्रावात घट्ट केले, घासून कागदाहून पातळ चकती केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मग सरांना बोलावले.

“गाळाच्या वर बघा, सर. पुन्हा सारवलंय. त्यावर राख आहे, खवले आहेत. माणसं परत आली होती.”

सर बराच वेळ वाकून बघत राहिले.

“पण तीच माणसं कशावरून?”

“ते नाही सांगता येणार,” बाई हसल्या. “कोपरा मात्र परत तसाच राहिलाय.”

तीच होती हो! पाणी ओसरल्यावर आईचे रागावणे कानी आले, तेव्हाच माझ्या जिवात जीव आला होता. आता मी काचेवर सुखाने राहते. बाईंचे उपकार मी विसरणार नाही, आणि त्या कामचुकार लेकीचेही.

मित्रांनो, जुन्या जागेतली माती कचरा समजून फेकू नका. आणि तुमच्या घरात कुणी कोपरा झाडायचा विसरली, तर खुशाल रागवा. फक्त रागवायला ती घरी आहे, याचा आनंद आधी माना.