बादलीबाबा आणि निसटता खांदा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर एक उंच बाक, बाकाशेजारी पितळी बादली आणि तांब्या घेतलेला शिष्य. खांदा निखळलेल्या माणसाने बाकावर पालथं पडायचं, त्याच्या लोंबत्या हाताला बादली बांधायची आणि शिष्याने मंत्र म्हणत तांब्यातांब्याने तीर्थ ओतायचं. "पापाचा भार बादलीत उतरतोय," बादलीबाबा डोळे मिटून सांगत, "म्हणून ती जड लागते." थोड्या वेळाने खांदा टकदिशी जागेवर येई आणि लोक गहिवरून जात. पाण्याने भरलेली बादली जड लागणारच, त्यात पापाचा काय संबंध, असं विचारणारी एक आगाऊ बाई होती. ती म्हणजे मी.

आमचे हे रंगारी. एकदा शिडीवरून घसरले, उजवा खांदा निखळला, बाबांनी बसवला. तेव्हापासून तो शर्ट घालताना निखळतो, झोपेत कुशीवर वळताना निखळतो, आणि हे दर वेळी बाबांकडे धावतात. बाबांचे ते सर्वांत लाडके भक्त, कारण इतक्या वेळा बरा झालेला माणूस दुसरा नव्हता.

"अहो, बरा झालाय तर परत परत का जावं लागतं?"

"तुझा विश्वासच नाही," हे म्हणाले. "पुढच्या आठवड्यात पाण्याच्या टाकीचं काम आहे. बाबांचा आशीर्वाद घेतो आणि चढतो."

टाकीच्या टोकावर खांदा निखळला, तर मी खाली काय बादली धरून उभी राहू? मी तडक इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरबाईंना गाठलं.

"त्यांना घेऊन या," त्या म्हणाल्या.

"ते येणार नाहीत. तुम्हीच चला."

पुढच्या सभेला त्या खरंच माझ्या शेजारी, शेवटच्या रांगेत येऊन बसल्या.

हे अनुभव सांगायला व्यासपीठावर उभे राहिले. बाबा आतल्या खोलीत समाधीत होते. समाधीचं घोरणं बाहेर ऐकू येत होतं. "बोला, बादलीबाबा की..." म्हणत ह्यांनी उजवा हात जोरात वर फेकला आणि 'जय' तोंडातच राहिला. खांदा निखळला होता.

शिष्यांची धांदल उडाली. समाधी मोडायची कोणी? तेवढ्यात डॉक्टरबाई वर गेल्या. त्यांनी ह्यांची नाडी पाहिली, बोटं हलवायला लावली, दंड बधिर नाही याची खात्री केली. मग ह्यांना बाकावर पालथं झोपवून हाताला बादली बांधली.

"तीर्थ नको," त्या मला म्हणाल्या. "दारातल्या चपला आणा."

मी एकेक चप्पल टाकत गेले. डॉक्टरबाई ह्यांना समजावत होत्या, "हात सैल सोडा. दुखतं म्हणून स्नायू आवळून बसतात. वजनाने ते दमतात, ढिले पडतात आणि हाड आपलं आपण आत जातं."

टक्. खांदा बसला.

"त्यात बाबांच्या खडावा असतील, त्यांचाच हा प्रताप!" एक शिष्य ओरडला. मी बादली पालथी केली. ज्याने त्याने आपापली चप्पल ओळखली. खडावा कोपऱ्यातल्या गादीवर जशाच्या तशा होत्या.

बाबा डोळे चोळत बाहेर आले. "पाहिलंत? नुसत्या नामाने खांदा बसला."

"मग आता पुन्हा निखळणार नाही ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"ते याच्या श्रद्धेवर आहे."

"यांची श्रद्धा कमी?" मी म्हणाले. "महाराज, तुमचं नाव घेतानाच तर निखळला."

सभागृहात कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि मग हसू आवरेना.

डॉक्टरबाईंनी ह्यांना सांगितलं, "खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. तिच्या कडेला कूर्चेची कड असते, ती तुमची फाटली असावी. कुकरची रिंग फाटल्यावर झाकण बसतं, पण टिकत नाही. आधी फोटो आणि एमआरआय काढू. हाड फार झिजलं नसेल, तर बारीक छिद्रांतून दुर्बीण घालून ती कड पुन्हा हाडाला शिवता येते. सगळ्यांनाच हे लागत नाही, काहींचं व्यायामावर भागतं. पण शिडीवर चढणाऱ्याने नशिबावर राहू नये. आणि घरी कोणी बादल्या बांधू नका. आत हाड मोडलंय का, हे बादलीला कळत नाही."

हे माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "चल."

दुर्बिणीतून कड शिवली. मग हात झोळीत, मग कंटाळवाणा व्यायाम. टाकी दुसऱ्याने रंगवली म्हणून ह्यांनी घर डोक्यावर घेतलं. पुढे दुसरी टाकी मिळाली. मी खाली शिडी धरून उभी. वरून ह्यांनी मला उजवा हात उंच करून दाखवला, आणि खांदा जागचा हलला नाही.

बाबांकडे अजून गर्दी असते. मी तिथल्या प्रत्येकाला एकच विचारते: बरे झाला आहात, तर पुन्हा का आलात?