कानामागची बट

मुलांचे केस कापायचे दोन नियम मी माझ्या वडिलांकडून शिकलो. पहिला, मूल रडायला लागलं की खुर्ची फिरवायची, म्हणजे त्याला आरशात कात्री दिसत नाही. दुसरा, दर वेळी म्हणायचं, "झालं हं, हे शेवटचं." या दोन नियमांवर मी चाळीस वर्षं दुकान चालवलं. मोठी खुर्ची, तिच्या दोन हातांवर आडवी टाकलेली लाकडी फळी, फळीवर मूल, आणि मुलाचं डोकं धरायला आई नाहीतर बाप. रडणारी पोरं रडली, मग गोळी चघळत घरी गेली. मोठी झाल्यावर आपापली पोरं घेऊन आली आणि स्वतःच त्यांची डोकी धरू लागली. यात काही चुकतंय असं मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी त्याला आधी दुकानाची पायरी उतरायला लावली असती.

सांगितलं ते माझ्या नातीनं. वय वर्षं साडेचार. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही.

माझी मुलगी बालवाडीत बाई आहे. शाळा सुटली की मुलं जातात, पण बाईंची कामं उरतातच, म्हणून भिंगरी रोज दुपारी तासभर माझ्या दुकानात असायची. आरशाखालच्या फळकुटाजवळ स्टूल ओढायची आणि माझे सगळे कंगवे उंचीप्रमाणे लावायची. मग रंगाप्रमाणे. मग तिच्या मनाला येईल त्याप्रमाणे, आणि मला हवा तो कंगवा पाचदा मागावा लागायचा. माझा दिवस त्या तासाभरासाठी होता, हे तो तास गेल्यावर मला कळलं.

झालं असं. तिचे कपाळावरचे केस डोळ्यांत यायला लागले होते. एका रविवारी जावई तिला घेऊन आले, मी तिला फळीवर बसवलं. ती म्हणाली, "नाही." जावयांनी डोकं धरलं. ती पुन्हा म्हणाली, "नाही, आबा." मी खुर्ची फिरवली आणि म्हणालो, "झालं हं, हे शेवटचं." दहा मिनिटांत काम फत्ते. केस असे सरळ कापले होते की पट्टी लावून बघावी. ती रडली नाही, गोळीही घेतली नाही. खाली उतरली आणि बापाचा हात धरून निघून गेली.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. आई शाळेतून येईपर्यंत ती शेजारणीकडे बसते असं कळलं. मी त्यांच्या घरी गेलो तर आईच्या पायामागे गेली. नवा लाल कंगवा नेला, तो तिनं घेतला नाही. तीन आठवडे हेच चाललं. पोरीनं कानाला खडा लावला होता, आणि त्या खड्याचं नाव मी होतो.

"किती दिवस राग धरायचा माणसानं," मी मुलीला म्हणालो. "एवढीशी पोर."

"बाबा, ती रागावलेली नाही. ती तुम्हाला घाबरते."

मला हसूच आलं. मला आजवर कोणी घाबरलं नव्हतं, बायको तर नाहीच नाही. पण मुलगी हसली नाही.

"शाळेत मी पंचवीस मुलांना शिकवते," ती म्हणाली. "कोणी उचललं, गुदगुल्या केल्या, ओढून पापा घेतला आणि तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा. मोठी माणसं थांबतील. आणि माझ्याच मुलीनं सख्ख्या आजोबांना दोनदा नाही म्हटलं."

"मग उद्या दात घासायला नाही म्हणेल. औषधाला नाही म्हणेल. तेव्हा काय करणार?"

"औषध देणार. पण कडू आहे हे खरं सांगून देणार, आणि तिची बाजू ऐकून घेऊन देणार. बाबा, कपाळावरचे केस म्हणजे औषध आहे का? एक पिन लावली असती तरी भागलं असतं."

मी चपला घातल्या आणि निघालो. रस्त्यानं येताना चार उत्तरं सुचली, पण दुकानात पोचेपर्यंत चारही लंगडी निघाली. लहान मुलाला काय कळतं, हे एक. आम्ही नाही का असेच वाढलो, हे दुसरं. आम्ही कसे वाढलो हे मात्र मला नीट आठवेना. एवढंच आठवलं, की वडील माझे केस कापायचे तेव्हा मी समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडे बघत असायचो. आरसा पाठीमागे असायचा.

दुसऱ्या दिवशी एक बाई पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. मी त्याला फळीवर बसवलं, कापड बांधलं आणि कधी नव्हे ते विचारलं, "कापू का रे?"

"नको," तो म्हणाला.

"अहो, असं विचारतात का कुठे?" बाई म्हणाल्या. "कापा तुम्ही."

कात्री हातात धरून मी उभा. इकडे आड, तिकडे विहीर. थांबावं तर गिऱ्हाईक जातं, कापावं तर विचारलं कशाला. मी कापले. खोटं कशाला बोलू, कापले. पण त्या गडबडीत खुर्ची फिरवायची राहिली. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कापताना मला नको म्हणणाऱ्या मुलाचं तोंड समोर दिसलं. तो कात्रीकडे बघतच नव्हता. आरशातून माझ्याकडे बघत होता, मी विचारून मग असं का केलं हे त्याला कळत नव्हतं. माझी समजूत होती की मुलांना कात्री दिसू नये म्हणून आम्ही खुर्ची फिरवतो. आता वाटायला लागलं की आम्हाला मुलं दिसू नयेत म्हणूनही असेल. केसानं गळा कापणं म्हणतात ते माझ्या दुकानात रोज चालत होतं की काय, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी भिंगरीकडे गेलो. ती आईच्या पायामागे. मी जमिनीवर बसलो, गुडघे कुरकुरले.

"भिंगरे, मी तुला खोटं सांगितलं. शेवटचं म्हणालो आणि ते शेवटचं नव्हतं. तू नाही म्हणालीस तरी मी थांबलो नाही. ते चुकलं माझं."

पायामागून आवाज आला. "अकरा वेळा."

"काय अकरा?"

"अकरा वेळा म्हणालास शेवटचं."

"तिला अकरापर्यंतच येतात," मुलगी हळूच म्हणाली. म्हणजे खरा आकडा काय होता देव जाणे.

चार दिवसांनी दुपारी ती आईबरोबर दुकानाच्या दारात उभी राहिली. मानेवरचे केस वाढले होते. आत यायच्या आधी तिनं अटी घातल्या. फळी लावायची. तोंड आरशाकडे. डोकं कोणी धरायचं नाही. थांब म्हटलं की थांबायचं. एवढ्या अटी तर जावयांनी लग्नातही घातल्या नव्हत्या. मी सगळ्या कबूल केल्या.

"काप," ती म्हणाली. मी एकदा कात्री चालवली.

"थांब." थांबलो.

"काप." "थांब." "काप." "थांब."

हे ती मुद्दाम करतेय, खेळतेय, की खरंच घाबरतेय, मला काही कळेना. बाकावर बसलेलं गिऱ्हाईक घड्याळ बघून उठून गेलं. दहा मिनिटांच्या कामाला तास लागला. शेवटी उरली डाव्या कानामागची एक बट, बोटभर लांब. मी कात्री तिथं नेली.

"इथे नको."

"गुदगुल्या होतात का?"

"नको."

"अगं, तेवढी एक राहिली तर सगळं डोकं वाकडं दिसेल."

"नको, आबा."

आता हे सांगितलं तर तुम्हाला हसू येईल, पण माझा हात शिवशिवत होता. चाळीस वर्षांत मी एकही वाकडं डोकं दुकानाबाहेर जाऊ दिलेलं नाही. एक साधी कच्च, तिला कळलंही नसतं. मी कापड सोडलं आणि झटकलं.

"झालं?"

"झालं."

"खरं झालं?"

"खरं."

तिनं वाकून कात्री फळकुटावर ठेवलीय ना ते बघितलं. मग उतरली आणि कंगव्यांकडे गेली. तीन आठवड्यांत त्यांची पार वाट लागलीय म्हणाली.

तास परत मिळाला. बटही रोज दुकानात यायची. येणारा जाणारा विचारायचा, हे कोणी कापलं, आणि मी सांगायचो, मी.

मग पोस्टमास्तर परत आले. निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण आम्ही अजून पोस्टमास्तरच म्हणतो. महिनाभर मुलाकडे राहायला गेले होते. गेली तीस वर्षं हा माणूस रोज माझ्या बाकावर बसून पेपर वाचतो. मी दोन महिने अंथरुणाला खिळलो होतो तेव्हा रोज येऊन त्यांनी दुकान उघडलं, गिऱ्हाइकांना सांगितलं, येतोय तो, येतोय. असा मित्र. त्यांना सवय एकच. दिसेल त्या लहान मुलाचा गाल दोन बोटांत धरून ओढायचा, लाल होईपर्यंत. त्यात वाईट काही नव्हतं, मी शपथेवर सांगतो. त्यांना मुलं आवडतात, एवढंच.

मी एका गिऱ्हाइकाची दाढी करत होतो. भिंगरी आरशासमोर कंगवे लावत होती. पोस्टमास्तरांनी बट पाहिली आणि हसत सुटले. "काय रे, कात्री बोथट झाली की डोळे गेले?" बाकावरचे दोघे हसले. मीही हसलो. मग त्यांचा हात गालाकडे गेला.

"नाही," भिंगरी म्हणाली.

"गालाला नाही म्हणते बघा. अगं, तुझ्या आईचेसुद्धा गाल मीच ओढलेत."

"नाही."

सगळे आणखी हसले. हात तसाच पुढे आला. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. आरशातून माझ्याकडे बघत होती.

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. अगं, आपलेच आजोबा आहेत, काही नाही होत. "हे शेवटचं" जिथून यायचं तिथूनच ते आलं होतं, तितकंच गुळगुळीत. एकीकडे तीस वर्षं, दुसरीकडे साडेचार. वस्तरा खाली ठेवला आणि त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"ती नाही म्हणाली," मी म्हणालो.

"अरे, चेष्टा करतोय मी."

"माहीत आहे."

"माझ्यावर संशय घेतोस?"

"नाही हो. तसं काही नाही. ती नाही म्हणाली, एवढंच."

त्यांनी पेपरची घडी घातली, बाकावर ठेवली आणि गेले. अर्ध्या गालाला फेस लागलेलं गिऱ्हाईक खुर्चीत तसंच बसलं होतं. मी वस्तरा उचलला, परत ठेवला आणि त्याला म्हणालो, पाच मिनिटं थांबा. भिंगरी पुन्हा कंगव्यांना लागली. आभार वगैरे काही नाही. मला तिचाच राग आला, खरं सांगतो.

मुलगी तिला न्यायला आली तेव्हा मी सगळं सांगितलं. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं. ती दारातच थांबली.

"मीही नाही म्हणायचे, बाबा. पोस्टमास्तरांना."

"मला कधी ऐकू नाही आलं."

"तुम्ही हसत असायचात," ती म्हणाली.

आज पाचवा दिवस. बाक रिकामा आहे. पोस्टमास्तर सकाळी दुकानासमोरून जातात, मान वळवत नाहीत. मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. क्षमा मागावी तर कशाची, आणि न मागावी तर या बाकाकडे बघवत नाही. मी बरोबर केलं असं सकाळी वाटतं, दुपारी वाटत नाही. मुलीला विचारावं तर तिच्यापुढे मान वर होत नाही.

दुपारी भिंगरी आली, स्टूल ओढलं. बट आता बोटाहून लांब झाली आहे. मला राहवेना.

"भिंगरे, ती बट आता कापू का?"

"नाही."

मी कात्री खिळ्याला अडकवली. मग लक्षात आलं. ती कंगवे लावत होती, आणि नाही म्हणताना मी काय करतो हे बघायला तिनं आरशात डोकावूनसुद्धा पाहिलं नव्हतं.