मल्लव्वाची साक्ष

मल्लव्वा पदर खोचून लष्करी कोर्टाच्या दारात शिरणार, तोच मुकुंदराव वकिलांनी तिला बाजूला घेतलं.

"आत काय सांगणार आहात, मावशी?"

"खरं त्येच की! गोळीबारानंतर समदे पोलीस गाव सोडून पळालेले, आन् सुनेला कळा लागलेल्या. गुरप्पानं चौकातल्या गाड्या हटवल्या, सुईणीला टांग्यात घालून भवानी पेठेत आणली. माजा नातू त्याच्यामुळं हाय. लई उपकार झाले बगा त्या पोराचे!"

वकिलांनी कपाळाला हात लावला.

"अहो, गुन्हा तोच आहे! पोलीस नसताना गिरणीतल्या कामगारानं चौकात हुकूम सोडले, म्हणजे सरकार असताना दुसरं सरकार चालवलं. तुम्ही आभार मानलेत की तो गेलाच तुरुंगात."

मल्लव्वा मटकन पायरीवर बसली. आठवडाभर वकिलांच्या मागे भुणभुण लावून तिनं ही साक्ष मिळवली होती, आणि आता हे असं!

"म्हंजी सातासमुद्रापल्याडच्यांनी हितं राज केलं तर कायदा, आन् आमी आमचं गाव सांबाळलं तर गुन्हा?"

"परक्या सत्तेचा हक्क कुठवर, यावर जगभरचे कायदेपंडित भांडताहेत, मावशी. पण इथं लष्करी कायदा आहे."

तेवढ्यात आतून तिच्या नावाचा पुकारा झाला.

बेड्या घातलेला गुरप्पा कोपऱ्यात उभा होता. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मल्लव्वाला बघताच त्यानं हळूच हनुवटी वर करून विचारलं. तिनं मान हलवली, बाळ-बाळंतीण ठीक हाय. एवढ्यावर तो कसा हसला! याचे पाय धरायचे सोडून आपण याला गोत्यात घालायला निघालो होतो.

गोरा साहेब काहीतरी बोलला. दुभाष्यानं विचारलं, "या माणसाला हुकूम सोडताना पाहिलंस?"

"हुकूम? न्हाय बा. हात जोडत व्हता लोकांना."

"मग गाड्या कुणी हटवल्या?"

"आमीच की. समद्यांनी."

"त्या दिवसांत गाव कोण चालवत होतं?"

"आमीच की, सायेब."

दुभाष्यानं ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं टाक उचलला.

"सगळ्यांची नावं सांग."

दारातून मुकुंदराव मान हलवून नको नको करत होते. मल्लव्वानं तिकडं पाहिलंच नाही.

"पयलं माजं लिवा. मल्लव्वा," ती म्हणाली. "आन् नातवाचंबी घाला. बारसं व्हायचंय अजून, नाव ठरलं की येऊन सांगते."