डाग राहू दे

शाळेच्या सिनेमात गरीब नायिका श्रीमंत नायकाच्या शर्टावर सरबत सांडते आणि प्रेमाला सुरुवात होते. नायक झाला होता कारखानदाराचा मुलगा, नायिका डॉक्टरांची मुलगी. लाँड्रीवालीच्या मुलीकडे फक्त कपडेपट होता. पण नायकाचं मन पडद्यामागे कधीच कपडेपटावर जडलं होतं, आणि तिचंही त्याच्यावर.

शाळेत तो तिच्याशी तास न् तास बोलायचा. आईबरोबर लाँड्रीत आला की मात्र भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा राहायचा, जणू काउंटरपलीकडे कोणी नाहीच.

"पुढच्या वेळी आईसमोर ओळख दाखव," ती त्याला म्हणाली होती. "नाहीतर आपलं संपलं."

त्यानंतर घोटाळा झाला. पुढच्या प्रसंगासाठी जपलेला डागाळलेला शर्ट तिच्या आईला दिसला, आणि त्या माउलीने तो घासून लख्ख केला.

"आई! तो डाग हवा होता!"

"हवा होता? उभ्या जन्मात डाग मागणारं गिऱ्हाईक पाहिलं नाही बाई!"

दिग्दर्शक मुलाला सगळे 'साहेब' म्हणत. साहेब कॅमेरा आणि तो शर्ट घातलेल्या नायकाला घेऊन थेट लाँड्रीतच आले. नायिका क्लासला गेली होती.

"नुसता हात दिसेल. तूच सांड," साहेबांनी तिला फर्मावलं.

डागाचा आकार तिच्या डोळ्यांत पक्का होता: दुसऱ्या गुंडीखाली सुरू होऊन डावीकडे ओघळलेला. तिने नेमकं तसंच सरबत त्याच्या शर्टावर ओतलं.

नेमकी तेव्हाच नायकाची आई कपडे न्यायला दारात आली.

"अगं ए! डोळे फुटले का तुझे? कोण ही?"

सवयीने त्याची मान घड्याळाकडे वळली. मुलीने रिकामा पेला काउंटरवर ठेवला आणि ती थांबली. ती त्याला वाचवणार नव्हती.

मग त्याने ती आईकडे फिरवली.

"आई, ही माझी मैत्रीण. सिनेमातली नाही, खरी. इतके दिवस तुझ्यासमोर ओळखही दाखवली नाही, ते चुकलंच माझं."

आईने मुलीला नखशिखान्त न्याहाळलं. "लाँड्रीतली?"

"हो, काकू," मुलगी म्हणाली. "तुमचे कपडे तयार आहेत."

काकूंनी लाँड्रीवालीकडे मोर्चा वळवला. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"मला? अहो, मी तर डागसुद्धा काढून बसले!"

साहेबांना हसू आवरेना. काकूंच्या ओठाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो लगेच सरळ केला. गाठोडं उचलत त्या मुलाला म्हणाल्या, "घरी ये, मग बघते तुझ्याकडे."

"येतो. हिलाही घेऊन येऊ?"

काकू दारात थबकल्या. "शर्ट बदलून या," म्हणाल्या आणि गेल्या.

"कट!" साहेब ओरडले. "कॅमेरा चालूच होता!"

त्याने बदलून दिलेला शर्ट मुलीने दोरीवर टांगला आणि त्याला चिठ्ठी टाचली: धुवू नये.

"आमच्या दुकानात ही पाटी!" आईने कपाळावर हात मारला. पण चिठ्ठी वाकडी लागली होती, ती तिनेच सरळ केली.

तो काउंटरला टेकून उभा होता, घड्याळाकडे पाठ करून.