देवळीतला पाना

मी एक जुनी सायकल आहे, मित्रांनो. निलंग्याजवळच्या एका खेड्यात किराणा दुकान चालवणाऱ्या बसलिंगप्पांची. माझ्या हँडलला गेल्या दसऱ्याच्या झेंडूचा दोरा अजून लोंबतो आहे, फुलं कधीच झडून गेली. तो दोरा पाहिला की हसावं की रडावं तेच कळत नाही. माझ्याइतकी पूजा क्वचितच कुणा सायकलीची झाली असेल, आणि माझ्यासारखे हाल तर कुणाचेच होऊ नयेत.

मी जन्मले दूर पंजाबातल्या एका कारखान्यात आणि विकली गेले लातूरच्या बाजारात. दुकानदाराने माझ्याबरोबर एक पाना, एक हातपंप आणि पंक्चरचं थोडं सामान दिलं. म्हणाला, "मालक, जपून ठेवा, कामाला येतंय." आमच्या मालकांनी त्यातलं 'जपून ठेवा' तेवढं मनावर घेतलं. पुढचं कानाआड गेलं.

बसलिंगप्पा माणूस भाविक. सकाळी कपाळाला विभूती लावल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचे नाहीत. खंडेनवमीला ते तराजू, वजनं, पाना, पंप सगळं धुवायचे, विभूती नि ओलं कुंकू लावायचे. दुसऱ्या दिवशी तराजू निमूट दुकानात जायचा, कारण तो पोट भरायचा. पाना आणि पंप मात्र नव्या खणात बांधून देवघराच्या देवळीत. ती पुरचुंडी सुटायची थेट पुढच्या दसऱ्याला, पुन्हा कुंकू लावण्यापुरती. अवजाराला देव मानावं हे आमच्याकडे लेकरालाही शिकवतात. पण देव केलेल्या अवजाराने काम कसं करायचं, हे कुणी विचारलं नाही.

मग माझी हवा कमी झाली की मालक मला चालवत फाट्यावर न्यायचे, पंढरी मिस्त्रीकडे. चेन ढिली झाली की पंढरी, घंटी वाजेना की पंढरी. बिचारा पंढरीच एकदा कंटाळून म्हणाला, "मालक, हवा भरायला आन् चेन ताणायला कशाला येताव माझ्याकडं? एवढं घरी करावं. ब्रेक धरना झाला, चाक डुगडुगाय लागलं, तर मग या."

"मिस्त्री असताना आपण हात काळे करावं कामून?" मालक हसून म्हणाले. पांढऱ्या धोतराला डाग पडू नये, एवढीच त्यांची काळजी.

पुढे मी त्यांच्या मुलीची झाले. सुकन्या दहावीला होती. ती रोज माझ्यावरून शाळेला जायची, आणि मला तिचा फार लळा लागला. तिची एकच इच्छा होती, निलंग्याला अकरावी करायची. घरात अजून एवढं कुणी शिकलं नव्हतं.

गणिताच्या पेपराआधीच्या आठवड्यात माझी चेन लोंबायला लागली. कव्हरवर आपटून खडखड आवाज करायची. मला दुसरी भाषा येत नाही, तेवढ्यानेच मी ओरडत होते. सुकन्याला ते ऐकू आलं.

"अप्पा, चेन लई ढिली झालीय. उलीसा पाना द्या की, मी चाक मागं ओढते."

"दसऱ्याबिगर ती पुरचुंडी सोडत न्हाईत, पोरी. ऐतवारी पंढरीकडं नेतो."

पेपर शुक्रवारी होता, मित्रांनो.

त्या दिवशी कॅनॉलच्या पुलापुढे माझी चेन उतरली आणि मागच्या चाकात जाऊन अडकली. चाक फिरेना. खाली बसून दोन बोटांनी ती सोडवायची आणि दातांवर चढवायची, एवढंच काम होतं. पण सुकन्याने ते कधी केलं नव्हतं, कुणी करू दिलं नव्हतं. तिने चेन ओढली, ती आणखी रुतली. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून निघून जात होते, तिने थांबायला केलेला हात कुणाला दिसत नव्हता. शेवटी माझं मागचं चाक उचलून धरून ती पळायला लागली. मला टाकून जा, मी काय मरते का इथं, असं मी जीव तोडून सांगत होते. पण अप्पांची गाडी रस्त्यावर कशी टाकायची? हाताला कळा लागल्या, पायातली चप्पल तुटली, तरी तिने मला सोडलं नाही.

आम्ही पोचलो तेव्हा शाळेचं फाटक बंद झालं होतं. ती गज धरून उभी राहिली. आतल्या माणसाने नाही म्हणून मान हलवली. मग ती माझ्या सीटवर डोकं ठेवून रडली, आणि माझ्याजवळ तिचे डोळे पुसायला हातही नव्हता.

घरी सगळा दोष माझ्यावर आला. "गाडीनं घात केला," मालक म्हणाले आणि मला गोठ्यात कडब्यामागे लोटून दिलं. बैल माझ्यावर पाठ घासायचे. सीट फाटली, टायर जमिनीला टेकले. भंगारवाल्याला निरोप गेल्याचंही कानावर आलं. माझं काय व्हायचं ते होवो, पण सुकन्याचं काय? शाळेने तिला जुलैच्या फेरपरीक्षेला बसवलं होतं, आणि मालकांनी बजावलं होतं, "ही शेवटची बारी. जमलं न्हाई तर दुकानात बसायचं." त्या अंधारात मला तेच वाक्य खात होतं.

जुलैचा तो दिवस उजाडला. नात्यातल्या राजशेखरची जीप तिला न्यायला यायची होती. तिच्याऐवजी फोन आला, जीप पेशंट घेऊन लातूरला गेली. एसटीची वेळ टळलेली. पंढरीचं दुकान उघडायला अवकाश. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. सुकन्या धावत गोठ्यात आली, कडबा बाजूला फेकून तिने मला अंगणात ओढलं.

"अप्पा, पुरचुंडी सोडा."

"अगं, देवाजवळचं मधीच उतरू न्हाई," तिची आई शांतम्मा पुटपुटली.

मालक उठले. आत गेले आणि स्वतःच पुरचुंडी घेऊन आले. खण सोडला तर काय, दरवर्षीच्या ओल्या कुंकवाने पाना गंजून लाल झाला होता. पंक्चरच्या सोल्युशनचा दगड झाला होता. पंपाचं चामडं वाळलं होतं, दांडा नुसता फुसफुसत होता. मालकांनी पान्यावरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा पडला.

"म्या पुजा केली मनून हे असं झालं," ते हळूच म्हणाले.

मग ते समई घेऊन आले. तिच्यातलं तेल त्यांनी पान्यावर, माझ्या नटांवर आणि पंपाच्या चामड्यावर ओतलं. चामडं नरमलं, हवा धरू लागलं. नट मात्र हलेना. बापलेकीने मिळून पान्यावर जोर दिला, तेव्हा कुठे कुरकुरत तो फिरला. धोतर काळं झालं. मालकांनी त्याकडे पाहिलंही नाही. पाना सुकन्याच्या दप्तरात टाकत ते एवढंच म्हणाले, "असू दे संगं."

आम्ही निघालो. घाईत चाक थोडं तिरकं बसलं होतं. मला ते कळत होतं आणि भीतीने माझी तारन्‌तार कापत होती. कॅनॉलच्या पुलापुढे, अगदी त्याच जागी, माझी चेन पुन्हा उतरली.

सुकन्या उतरली. मग तिने मला उलटं केलं, बांधावरची तुराटी मोडून अडकलेली चेन उचकटली, पान्याने चाक सरळ केलं, चेन दातांवर चढवली आणि पायडल फिरवलं. चाक फिरलं, मित्रांनो.

आता मी शाळेच्या भिंतीला टेकून उभी आहे. फाटक बंद आहे, पण या वेळी ती आत आहे. गणितं सुटतात की नाही, मला ठाऊक नाही. संध्याकाळी भंगारवाला येईल की नाही, तेही ठाऊक नाही. म्हणून जे सांगायचं ते आत्ताच सांगते. मोठं दुखणं मिस्त्रीला दाखवा, त्याच्या हाताला तोड नाही. पण हवा, तेल आणि उतरलेली चेन यांच्यासाठी आम्हाला कुणाची वाट पाहायला लावू नका. पूजा नंतर केलीत तरी चालेल.

हात धुवायला तिला वेळ मिळाला नाही. तिच्या उत्तरपत्रिकेवर कुठेतरी तेलकट काळं बोट उमटलं असेल. तपासणाऱ्यांनी त्याबद्दल तिला रागावू नये.