आठ दिवसांचं सुकं जेवण

आमच्या घरात चार पिढ्या एकच धंदा आहे. अन्नातलं पाणी काढून टाकायचं आणि उरलेलं विकायचं. पणजी काढायची, आजी काढायची, आता आई काढते. आई लालबागच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसते. मी पहिलाच असा निघालो की विमा कंपनीत लागलो. तिथे माणसातलं पाणी काढतात.

हे आधी सांगितलं, कारण सौमित्रदादाने मला दोन तास बसवून अन्नातलं पाणी काढल्यावर ते हलकं होतं हे समजावलं होतं.

सौमित्रदादा आमच्या गिर्यारोहण मंडळाचा म्होरक्या. बँकेत आहे, आणि डोंगरावरही बँकेतच असतो. यंदा जूनमध्ये हिमाचलातली एक खिंड ओलांडायची होती. आठ दिवस. वाटेत गाव नाही, धाबा नाही, सामान वाहायला खेचर नाही. नऊ जण, तीन तंबू, आणि ज्याचं जेवण त्याच्या पाठीवर. मी दोन वर्षं या खिंडीसाठी आठवड्यातून तीनदा ऑफिसचे अकरा मजले दहा किलो तांदूळ पाठीवर घेऊन चढत होतो. वॉचमनला वाटायचं, वर कुठेतरी भंडारा चालू आहे.

जेवणाचे नियम सौमित्रदादाने लेखी दिले होते. आठ दिवसांचं जेवण चार किलोच्या आत. गरम पाणी ओतल्यावर दहा मिनिटांत तयार. पंधरा दिवस फ्रीजशिवाय टिकलं पाहिजे. खाली बारीक अक्षरात परदेशी कंपनीच्या पाकिटांची यादी होती आणि त्यापुढे कंसात ‘सुचवलेली’ असं लिहिलं होतं. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी दादरच्या एका शाळेत वजन होणार. जो नापास, तो घरी.

मी यादीतली पाकिटं मागवली. म्हटलं, कुठे वाद. दिवसाला दोन, अशी सोळा पाकिटं आली. हातात घेतली तर आत काही नसल्यासारखी. प्रत्येकावर बंदूक घेतलेला एक दाढीवाला आणि त्याच्यामागे डोंगरात उभं एक भलंमोठं सांबर. ही पाकिटं तिकडच्या शिकाऱ्यांसाठी असतात. शिकारी जंगलात सांबर मारायला जातो आणि जेवायला घरून पाकीट नेतो, म्हणजे त्याचा स्वतःवर किती विश्वास असेल बघा.

आईने पाकीट उलटसुलट केलं. “ह्यो कोन? तुमचा सौमित्र?”

“नाही गं. शिकारी आहे.”

“आन हे जनावर आत हाय?”

“आत तेरियाकी चिकन आहे, जपानी. पास्त्याबरोबर.”

“मंग जनावराचा फोटो कशाला?”

मी ऑफिसला गेलो.

आता एक गोष्ट कुठल्याही कोळ्याला विचारा. पावसाळ्याआधी घरातल्या प्रत्येक सुक्या वस्तूला एक ऊन दाखवावंच लागतं. बोंबील असो, बारीक झिंग्यांचा जवळा असो, डबा उघडायचा, वास घ्यायचा, गच्चीवर पसरायचं, संध्याकाळी परत भरायचं. न दाखवलं तर जुलैत अळ्या. हे आईला कुणी शिकवलं नाही, ते तिच्या हातातच आहे. आणि घरात सुकी मासळी मोजून ठेवलेल्या डब्यांशेजारी सोळा पाकिटं सुकं चिकन आलं होतं.

मी परत आलो तेव्हा सोळाच्या सोळा पाकिटं कात्रीने कापलेली होती. प्रत्येकात एक लहान पुडी असते, आतली हवा शोषायची. त्या सोळा पुड्या आईने, त्यांच्यावरचं इंग्रजी ‘खाऊ नका’ वाचता आलं नाही तरी, शहाणपणाने कचऱ्यात टाकल्या होत्या. आणि गच्चीवर, जुन्या साडीवर, माझं सोळा वेळचं जेवण परळच्या खाऱ्या वाऱ्यात पसरलं होतं.

मी साडीच्या काठाशी हात लावला. पास्ता माझ्या बोटाला चिकटून वर आला.

“सकाळी कडक हुतं,” आई म्हणाली. “ऊन दाखवलं तर नरम पडलं. असा माल मी जन्मात बघितला नाय. उन्हाने वला व्हतो.”

“आई, ते हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून तर सील असतं.”

“मंग ते सुकं कसलं? आमचा बोंबील बाजारात दिवसभर उघडा बसतो माझ्यासंगती. त्याला कुनी सील केलंय?”

कठड्यावर पाच-सहा कावळे बसले होते. साडीपाशी उतरले, तेरियाकीकडे मान वाकडी करून पाहिलं, परत कठड्यावर गेले.

“आन हे बघ,” आई हळू आवाजात म्हणाली. “दुपारपासून कावला शिवत नाय. ह्या जेवनाची कायतरी इच्छा बाकी ऱ्हायलीय.”

इच्छा बाकी होती ती माझी. वजन चार दिवसांवर आणि नवीन पाकिटं यायला तीन आठवडे. मी कठड्याला टेकून बसलो आणि खिंड नाही, आता काही नाही, असं बोललो. आईने त्या चिकट पास्त्याकडे पाहिलं. सॉरी वगैरे शब्द आमच्याकडे चालत नाहीत. तिने पदर खोचला.

“नियम वाच तुझे.”

मी वाचले.

“चार किलोत आठ दिवस?” ती म्हणाली. “तुझा आजा व्होडीवर पंधरा दिवस जायचा. त्याला काय हॉटेल हुतं दर्यात?”

पुढचे तीन दिवस घर म्हणजे कारखाना. सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, तव्यावर भाजून खलबत्त्यात जाडसर कुटली. पातळ पोहे कोरडे भाजले. सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची घालून जवळ्याची चटणी केली. बारीक जवळा इतका हलका असतो की काट्यावर ठेवला तर काटा विचार करत बसतो. एका जेवणाचे एकशे वीस ग्रॅम, वर न्याहारी, शेंगदाणे, गूळ. मी एका वाडग्यात पोहे-सोडे घेऊन उकळतं पाणी ओतलं, वर ताटली झाकली, घड्याळ लावलं. सात मिनिटांत जे तयार झालं ते मी उभ्याउभ्या संपवलं. आईने विचारलं, मीठ बरोबर आहे का. मी वाडगा चाटत होतो.

रविवारी शाळेच्या वर्गात गेलो. बाकं चौथीची, त्यामुळे गिर्यारोहकांचे गुडघे हनुवटीला लागले होते. टेबलावर वजनकाटा, शेजारी सौमित्रदादाची वही. माझ्या तंबूत माझ्याबरोबर मनू आणि वैदेही. मनू अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतला, खाण्यापुढे त्याला तत्त्व नाही. वैदेही दादरचीच, शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि पाठीवर माझ्यापेक्षा दोन किलो जास्त घेते.

माझा नंबर आला. मी जेवणाच्या सोळा पुड्या आणि न्याहारी, शेंगदाणे, गुळाच्या पिशव्या काट्यावर रचल्या. तीन किलो आठशे.

“पाकिटं कुठायत?” सौमित्रदादाने विचारलं.

“आईने ऊन दाखवलं.”

“म्हणजे?”

“ती वारली, दादा. पाकिटं. हे घरचं आहे. सोडे-पोहे आणि जवळा.”

त्याने एक पुडी उचलली, नाकाजवळ नेली आणि जरा घाईने खाली ठेवली. “केतन, यादीत हे नाही.”

“यादीपुढे ‘सुचवलेली’ लिहिलंय. नियम तीन. वजन बसतं. टिकतं वर्षभर, हवं तर आईला विचारा, तिच्याकडे माझ्यापेक्षा जुना बोंबील आहे. राहिली दहा मिनिटं. थर्मासमध्ये पाणी आणलंय.”

मी तिथेच एक पुडी वाडग्यात रिकामी केली, पाणी ओतलं, वर झाकण ठेवलं. नऊ माणसं आठ मिनिटं एका झाकणाकडे बघत बसली. झाकण काढलं तेव्हा वर्गभर वास गेला. फळ्यापर्यंत गेला. मनू न विचारता चमचा घेऊन उठला.

“चव आहे,” मनू भरल्या तोंडाने म्हणाला. “दादा, त्या तेरियाकीला पुठ्ठ्याची चव होती. मी काल माझं एक पाकीट उघडून बघितलं.”

“चवीचा प्रश्न नाही. वास.” सौमित्रदादाने वही मिटली. “अस्वलं वासावर येतात.”

“तेरियाकीच्या येत नाहीत?”

“ती सीलबंद असतात.”

“खाताना?”

“खाताना उघडतो.”

“मग अस्वलाला तेवढं कळतं, दादा. ते जेवणाच्या वेळीच येईल.”

कुणीतरी मागे हसलं. सौमित्रदादा हसला नाही, पण रागावलाही नाही. तो वाईट माणूस नाही, हे मला इथे सांगितलं पाहिजे. मागच्या वर्षी माझा घोटा मुरगळला तेव्हा माझी सॅक त्याने स्वतःच्या सॅकवर बांधून खाली आणली होती. म्हणूनच पुढचं त्याने अगदी प्रेमाने सांगितलं.

“ओके. नियमात बसतंय, मी नाही म्हणत नाही. तू ये. फक्त सगळ्यांचा विचार कर. मंडळाकडे एकट्याचा एक तंबू जास्तीचा आहे, तो तुला देतो. बाकीच्यांपासून पन्नास फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला लाव. स्टोव्हही वेगळा घे. सगळ्यांचीच सोय.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चांगला तोडगा होता. खिंड मिळत होती. हो म्हणायला एक अक्षर लागतं.

वेगळा हा शब्द माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. सहलीला माझा डबा वेगळ्या पिशवीत असायचा, बसच्या डिकीत. आमच्या सोसायटीत उग्र वासाच्या पदार्थांची नोटीस लागते, तिच्यावर कुणाचं नाव नसतं आणि पत्ता आमचाच असतो. ऑफिसच्या मायक्रोवेव्हवर मासळीचं चित्र काढून वर फुली मारली आहे. चित्र पापलेटचं आहे. पापलेटला मुळात वास कमी, पण त्यांना काय माहीत. दरवेळी सगळ्यांचीच सोय होते आणि दरवेळी मी हो म्हणतो, कारण मी गमत्या माणूस आहे, मी एखादा जोक मारून डबा उचलतो आणि जिन्यात जाऊन जेवतो.

जोक याही वेळी तोंडात आला होता. तो मी गिळला.

“नाही, दादा.”

“काय नाही?”

“वेगळा तंबू नाही. वेगळा स्टोव्ह नाही. मी येणार, मनू आणि वैदेहीच्या तंबूत झोपणार, हेच खाणार. तीन नियम होते, तीन पाळले. मी पास झालो म्हणून तुम्हाला चौथा करावा लागला.”

“अरे, पण त्यांचा विचार कर ना. वैदेही शाकाहारी आहे. एका तंबूत आठ दिवस.”

“तिला विचारा. ती इथेच बसलीय.”

वैदेही पाणी पीत होती. तिने बाटलीचं झाकण शांतपणे लावलं. “वास मला येतो,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू. आत्ताही येतोय.”

सौमित्रदादाने माझ्याकडे बघितलं, बघ, अशा नजरेने.

“पण आठव्या दिवशी तुझ्या मोज्यांचाही येतो, सौमित्र,” ती पुढे म्हणाली. “गेल्या ट्रेकला मी तुझ्याच तंबूत होते. तुला कुणी पन्नास फूट लांब पाठवलं नव्हतं. केतन आमच्या तंबूत असेल. नसेल तर तंबूत मीही नसेन, खिंडीत पण नसेन.”

“आणि मी इमोशनल वगैरे नाही,” मनू म्हणाला. वाडगा रिकामा झाला होता. “पण ह्याचं जेवण पन्नास फूट लांब गेलं तर मला रोज एवढं चालत जायला लागेल. मी आधीच दमलेला असणार. त्यापेक्षा मीही घरीच बरा.”

सौमित्रदादा वहीकडे बघत राहिला. नऊतले तीन गेले तर काय उरतं याचा हिशोब त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता, माणूस बँकेतला. मग त्याने वही उघडली, माझ्या नावापुढे पेन टेकवलं आणि तिथेच थांबवलं. नाही म्हणेना, लिहीना.

“सगळीकडे वास येणार, केतन,” तो अखेर म्हणाला. “सॅकला, कपड्यांना. आठ दिवस.”

“येणार,” मी म्हटलं. “पेन द्या.”

त्याने दिलं. मी वही माझ्याकडे फिरवली. वजन लिहिलं. पुढचा रकाना पदार्थाच्या नावाचा होता, बाकीच्यांच्या तिथे यादीतल्या पाकिटांची इंग्रजी आद्याक्षरं. मी मराठीत लिहायला घेतलं: सोडे-पोहे, जवळ्याची चटणी, सुकं खोबरं, सर्व माल आईने घरी सुकवलेला, गुणवंती महादेव, लालबाग बाजार. माझं अक्षर मोठं आहे. रकाना संपला, रेघ ओलांडली, मी लिहीतच गेलो. शेजारचा रकाना म्होरक्याच्या शेऱ्याचा होता. माझं लिहून झालं तेव्हा त्यात शेऱ्याला जागा उरली नव्हती.