भाताच्या खळीचं म्यान

मी एक जुनं म्यान आहे. तलवारीचं. तलवार म्हटली की सगळ्यांचे कान टवकारतात, म्यानाला कोण विचारतो! असो. मित्रांनो, आज तलवार गप्प बसेल आणि मी बोलेन.

माझा जन्म नांदेडचा, निजामाच्या राज्याच्या अखेरच्या वर्षांतला. माझ्यात राहणारी तलवार मात्र जपानची. उमरीच्या केवळाबाईंचा एकुलता एक मुलगा लिंबाजी पलटणीत भरती झाला आणि ब्रह्मदेशच्या लढाईत मारला गेला. त्याचे कपडेसुद्धा घरी परत आले नाहीत. लढाई संपल्यावर हरलेल्या जपान्यांच्या तलवारी पलटणीत वाटल्या, त्यातली एक लिंबाजीच्या सुभेदाराला, हदगावच्या शेषेरावांना मिळाली. ती स्वतःकडे ठेवायला त्यांचं मन होईना. लिंबाजीच्या नावाने त्याच्या आईलाच द्यायची, असं त्यांनी ठरवलं.

तलवारीचं मूळचं म्यान वाटेत फुटलं होतं. त्याची एकच उभी फाक उरली होती. तलवार आणि ती फाक घेऊन शेषेराव नांदेडला ग्यानोबा जीनगराकडे आले. खोगिरं आणि म्यानं करण्यात ग्यानोबाचं नाव मोठं होतं, आणि ते नाव सांगण्यात तो स्वतःही कमी करत नसे. त्याने फाक उलटसुलट करून पाहिली. लाकूड हलकं होतं. आतली खाच पात्यापेक्षा रुंद होती. पात्यावरची मुठीजवळची पितळी पट्टी तेवढी म्यानाच्या तोंडाशी घट्ट बसायची, बाकी पातं कुठेच टेकत नसे. ग्यानोबाची बायको तुळजाबाई रोज सरेस शिजवायची, चिकटवण्यातलं तिला कळायचं. तिने बोट ओलं करून फाकेची कड घासली.

"आवो, ही तर भाताची खळ हाय," ती म्हणाली.

"जपान्याला सरेस मिळाला नसंल," ग्यानोबा हसला. "आन् आतून बघ किती ढिलं सोडलंय. काम कसं असतंय ते मी दाखवतो."

आणि त्याने दाखवलं! शिवणीच्या लाकडाच्या दोन फाका कोरल्या, आत लाल मखमल ठासून बसवली, फाका सरेसाने सांधल्या आणि वरून पितळेच्या पट्ट्या खिळ्यांनी ठोकल्या. खोटं कशाला बोलू, मी लई देखणा दिसत होतो. शेषेरावांनी मला दोन्ही हातांनी केवळाबाईंच्या ओटीत ठेवलं. बाईंनी मला देवघरात टेकवलं. त्या घरात लिंबाजीचं नाव कुणी घेत नसे. बाईंना त्रास नको म्हणून शेजारीपाजारी दुसरंच काहीबाही बोलत, आणि बाईही मान हलवत.

पुढच्या दसऱ्याला पूजेसाठी बाईंनी तलवार ओढली, तर ती निघेना. शेजारच्या दोघांनी जोर लावला, तरी निघेना. माझ्या तोंडातून तांबूस भुकटी तेवढी सांडली. बाईंनी मला लुगड्यात गुंडाळलं आणि रेल्वेने नांदेड गाठलं.

"दादा, माझ्या लेकराची येवढीच वस्तू हाय," त्या ग्यानोबाला म्हणाल्या. "ही बी गेली तर मी काय धरून ऱ्हाऊ?"

ग्यानोबाने माझ्या तोंडाशी लागलेली भुकटी बोटावर घेतली आणि चोळून पाहिली. मला वाटलं, आता हा पावसाळ्याला बोल लावेल, नाहीतर बाईंना. तेवढी जीभ त्याला होती.

"जपान्यानं खळ उगं लावली नसंल," तुळजाबाई हळूच म्हणाली. "पात्याला धक्का न लागता म्यान उघडावं, पुसावं, पुन्हा चिकटवावं, म्हणून लावली असंल."

"माय, चूक माझी हाय," ग्यानोबा केवळाबाईंना म्हणाला आणि त्याने करवत उचलली.

मित्रांनो, मला त्याचा भयंकर राग आला. ज्याने घडवलं तोच कापायला निघाला! त्याने खिळे उपटले आणि सांध्यावरून मला उभं चिरलं. त्याचे डोळे भरले होते. आत पाहिलं तर मखमल दमट होऊन पात्याला चिकटली होती, आणि पात्यावर गंज चढला होता. मग माझा राग कुठल्या कुठे गेला आणि लाज वाटली. ज्या मखमलीचा मी तोरा मिरवत होतो, तिनेच पातं खाल्लं होतं.

ग्यानोबाने मखमल खरवडून काढली, खाच रुंद केली आणि दोन दिवस बसून पातं तेलाने साफ केलं. गंज गेला, दोन काळे डाग तेवढे राहिले. तुळजाबाईने शिळा भात वाटून खळ केली. मला कसं उघडायचं आणि कसं चिकटवायचं, ते तिने केवळाबाईंना हात धरून शिकवलं.

त्यानंतरच्या दसऱ्याआधी केवळाबाईंनी मला घरी पहिल्यांदा उघडलं. शेजारची गुणाबाई मदतीला बसली होती. पातं पुसता पुसता बाईंचा हात थांबला.

"लिंबाजीला पोहता येत नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "आन् तिकडं म्हणं नद्याच नद्या."

गुणाबाईने विषय बदलला नाही. "लहानपणी कसा होता तो?" तिने विचारलं. मग बाई रडल्या आणि दुपारभर लिंबाजीविषयी बोलत राहिल्या.

तेव्हापासून दरवर्षी असंच चाललं आहे. दरवेळी उघडताना माझ्या कडेचा एखादा टवका उडतो. आता मी बराच झिजलो आहे. मित्रांनो, एखादी वस्तू घट्ट बंद करून ठेवली म्हणजे ती जपली, असं समजू नका. मधूनमधून उघडा, पुसा, ती कुणाची होती ते एकमेकांना सांगा. माझी काळजी करू नका. म्यान काय, दुसरं करता येतं.